कान असलेली नोट

सांगलीत हळदीचे सौदे सुरू झाले की मामांच्या घरात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांनाही पिवळा वास येई. वासाला रंग नसतो हे मला कळतं; पण त्या वासाला होता. मामा वखारभागातल्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. ते घरी आले की मामी त्यांना आधी न्हाणीकडे पिटाळत, त्यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवत, आणि तरीही उशीच्या अभ्र्यावर, दाराच्या कडीवर, माझ्या वह्यांच्या कडांवर कुठे ना कुठे हळदीचं बोट उमटलेलं असेच. बी.ए.ची शेवटची दोन वर्षं मी त्या घरात काढली. साताऱ्यात कॉलेज नव्हतं असं नाही. पण माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणे, फौजेत होते आणि वर्षातून एकदा रजेवर येत. पोरीवर घरातल्या कुणा पुरुष माणसाची नजर हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. मामींना मूल नव्हतं. त्यांना घरात कुणीतरी हवंच होतं. शनिवारी त्या लसणाच्या पाकळ्या ठेचून तेलात सोडत आणि भडंग करत. तो तडतडणारा आवाज ऐकला की मला साताऱ्याची आठवण येई, आणि का येई हे मला पुष्कळ दिवस कळत नसे. मग लक्षात आलं, तो आवाज आईच्या शिवणयंत्रासारखा होता.

साताऱ्याला शनिवार पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा दिसे. त्या खिडकीशी आईचं हातयंत्र मांडलेलं असे. ती मूळची वडूजकडची, कोरडवाहू रानातली. शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. पण कापडावर खडूने एकदा रेघ ओढली की तिची कात्री त्या रेघेवरून केसभर हलत नसे. पेठेतल्या बायका परकर-पोलकी तिच्याकडे आणत आणि म्हणत, हिच्या हाताला माप पाठ आहे. कात्री चालू असताना ती बोलत नसे, श्वासही रोखून धरी. कापणं संपलं की एकदम सुस्कारा सोडी. तो सुस्कारा मी अजून ऐकते. तिला लिहायला फारसं येत नसे. पण माझ्या प्रत्येक कपड्याच्या आत, फ्रॉकच्या, पोलक्याच्या, दप्तराच्या पट्ट्याच्याही, ती साखळी टाक्याने एक अक्षर घाली: ‘मा’. मालन म्हणून मा. ते अक्षर तिने माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं. मी सांगलीला निघाले तेव्हा तिने मामींच्या घरी न्यायच्या चादरीवरही ते घातलं, आणि एवढंच म्हणाली, की दोन वर्षांचं काय, बघता बघता जातील.

दुसऱ्या वर्षी गणपतीत दादा रजेवर आले. येताना ते नेहमी पगारातल्या कोऱ्या नोटांचं एक पुडकं आणत. आईला दिवाळीत लक्ष्मीपूजनाला कोऱ्याच नोटा लागत आणि दादांना तिच्यासाठी आणायला दुसरं काही सुचत नसे. त्यातल्या काही दहाच्या नोटा त्यांनी मला खर्चाला दिल्या. सांगलीला परतताना पेठ नाक्याच्या अलीकडे मी कंडक्टरपुढे एक धरली. त्याने ती उलटीपालटी केली, उजेडात धरली आणि परत माझ्या मांडीवर टाकली.

“हिला कान फुटलाय, बाई. दुसरी द्या.”

मी तेव्हा कुठे नीट पाहिलं. नोटेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून कागदाचा एक त्रिकोण बाहेर आला होता, कुत्र्याच्या पिल्लाचा कान लोंबावा तसा. छापताना किंवा कापताना मोठ्या कागदाचा कोपरा दुमडलेला राहिला असणार. नोटा कापणारं पातं त्याच्यावरून गेलं, पण दुमडलेलं तेवढं सुटलं. उलगडल्यावर ते नोटेबाहेर वाढलेलं दिसत होतं. शेजारी बसलेल्या म्हातारीने ती बघायला मागितली आणि म्हणाली, मशिनीत घावली असंल बिचारी. मी दुसरी नोट दिली, आणि कानाची पुस्तकात ठेवली. नुसती गंमत म्हणून.

मामांनी ती पाहिली आणि म्हणाले, आमच्या अण्णांना दाखव, त्यांना असल्याचं वेड आहे. अण्णा म्हणजे पेढीचे मालक. सांगलीकडचे जैन, घरची शेती आणि हळदीचा व्यापार. बुटके, धोतर, काळी टोपी, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. मी मामांचा डबा घेऊन पेढीवर जाई तेव्हा त्यांना गादीवर बसून हळकुंड मोडताना पाहिलं होतं. मोडल्याचा आवाज ऐकायचे, आतला रंग बघायचे, आणि गाडीभर मालाचा भाव दोन शब्दांत सांगायचे. नोट मी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला. उठले, मोरीवर गेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मग दोन बोटांत कडेने धरून खिडकीशी नेली. मग मला विचारलं, ही किती जणांच्या हातात गेली? मी मोजून सांगितलं: दादा, मी, कंडक्टर, एक म्हातारी, मामा. “लय झाली,” ते म्हणाले. “आता बास.”

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत, आठवड्यातून दोनदा, कॉलेज सुटल्यावर मी पेढीच्या माडीवर जाऊ लागले. तिथे एका पत्र्याच्या पेटीत, लोणी गुंडाळायच्या कागदाच्या घड्यांत, अण्णांच्या नोटा होत्या. सगळ्या चुकलेल्या. एकीवर आकडा एकाच बाजूला उमटलेला, दुसरीवर मुळीच नाही. एकीच्या पुढच्या अंगावर मागच्या अंगाचं चित्र उलटं उठलेलं. एक इतकी सरकून कापलेली की शेजारच्या नोटेची पट्टी तिला चिकटून आलेली. एकदा मी विचारलं, चुकलेल्याच का जमवता. ते म्हणाले, “माणूस चुकला की मला राग येतो गं. मशीन चुकलं की बरं वाटतं.” त्यांच्या घरी दिवस बुडायच्या आत जेवण होई, म्हणून माडीवरचं सगळं काम उन्हं असेपर्यंतच. त्यात त्यांना दुसरीही सोय दिसे. दिवा लावला की नोट खोटं बोलते, असं ते म्हणत.

नोटेची प्रत ठरवायची त्यांची पद्धत त्यांचीच होती. पुढे मी इंग्रजी पुस्तकांतल्या प्रती वाचल्या, त्यांची अक्षरं आणि आकडे पाठ केले, पण अजून मनात अण्णांचेच शब्द येतात. पहिली कोरी. दुसरी बोट लागलेली, म्हणजे हाताळलेली पण घडी नाही. तिसरी एका घडीची. चौथी बाजार हिंडलेली. पाचवी दमलेली. बँका तेव्हा पुडक्यांना लोखंडी पिना ठोकत. त्या दोन भोकांची माफी. ती बँकेनं पाडलीत, तिचा काय दोष, असं म्हणून ते भोकांवरून नुसतं बोट फिरवत. नोट सपाट धरून डोळ्यांच्या रेषेत तिरपी करायची. घडी पुसलेली असली तरी तिची सावली दिसते. मग कानाशी हलवायची. कोरी करकरते, धुतलेली गप्प राहते. मग वास घ्यायचा. आणि आधी मी बोलायचं, मग ते. त्यांनी एकदा एक पांढरीशुभ्र नोट माझ्यापुढे ठेवली. मी छाती फुगवून सांगितलं, कोरी. ते इतके हसले की चष्मा दोऱ्यावर लोंबू लागला. “कोरी कुठली? ही न्हाऊन, इस्त्री करून, पावडर लावून आलीया.” साबणाचा वास मला आला नव्हता. त्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला, आणि तो पुन्हा पुन्हा सांगितला: धुवायची न्हाई, दाबायची न्हाई, चिकटवायची न्हाई. नोट जशी आली तशी ठेवायची.

कान असलेल्या नोटेची प्रत मी सांगितली: बोट लागलेली, दोन भोकं माफ. त्यांनी मान हलवली. किंमत विचारायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही. कारण तोवर तिच्यावर माझा एक बेत बसला होता. मला ग्रंथपालाचा अभ्यासक्रम करायचा होता, एका वर्षाचा, पुण्याला. दादांना पत्राने विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलं की बी.ए. होतेस तेवढं पुष्कळ, आता आईजवळ राहा, फीचा खर्च मला झेपणार नाही. रागाचं पत्र नव्हतं. पण त्या पत्रात ‘फी’ हा शब्द होता, आणि मी त्यालाच धरून बसले. फी मीच आणली तर? शेवटी अण्णांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी नोट समोर धरली आणि म्हणाले, पुण्याचा एक घेणारा तुळशीच्या लग्नानंतर येतो, त्याच्याकडून फी सुटेल. “पण ध्यानात ठेव, कान हाय तवर हे. कान सोडला तर दहा रुपये.” मी म्हटलं, तोवर तुमच्या पेटीत ठेवा. ते नको म्हणाले. ज्याची नोट त्याच्या घरी, हा त्यांचा दुसरा नियम.

आईला मी काही सांगितलं नाही. नोटेचं सांगायचं म्हणजे पुण्याचं सांगावं लागणार होतं, आणि ती मागच्या वर्षापासून माझ्या परतण्याच्या गोष्टी करत होती: तुझी कॉट खिडकीशी घेऊ, यंत्र अलीकडे ओढू, पुस्तकांना फळी ठोकून घेऊ. मी ऐकत असे आणि हो म्हणत असे. आता वाटतं, त्या होकारांतला एक जरी मी गिळला असता तर पुढचं झालं नसतं.

दिवाळीला मी साताऱ्याला आले तेव्हा नोट माझ्या शब्दकोशात होती, कोऱ्या कागदाच्या घडीत. आई एकटीच होती. चकली करताना तिने मला यंत्राशी बसवलं आणि म्हणाली, तुझ्या हाताने फळीची जागा दाखव. मी भिंतीवर खडूने रेघ ओढली. लक्ष्मीपूजनादिवशी दुपारी तिने मला लाह्या-बत्तासे आणायला मोती चौकाकडे पाठवलं. गर्दी होती, आणि येताना तिच्यासाठी कंदी पेढे घ्यायला मी आणखी थांबले. परत आले तर दिवेलागण होत होती आणि पाटावर मांडणी झालेली होती. आईची मांडणी इतर घरांसारखी नसे. नवी केरसुणी, मीठ, धणे-गूळ हे असेच. पण त्याशिवाय घरातल्या प्रत्येकाचं जे मोलाचं, ते ती लक्ष्मीपुढे ठेवी. दादांच्या टोपीवरचा जुना पितळी बिल्ला. स्वतःची कात्री आणि अंगठीसारखं अंगुस्तान. माझं म्हणून दरवर्षी फाउंटन पेन असे. त्या वर्षी पेन नव्हतं. कोऱ्या नोटांच्या ओळीत, अगदी मधोमध, माझी नोट होती. इतर नोटांसारखीच, चारी बाजूंनी सरळ. तिच्यावर हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक.

“तू पुस्तकात जपून ठेवलीयास,” आई म्हणाली. “म्हटलं, औंदा तिलाच ठेवू. कोपऱ्याला वाढलेलं हुतं, तेवढं काढलं.”

देवापुढे व्यंग असलेलं ठेवायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. तुटका तांदूळ ती अक्षतांतून वेचून काढी, चिरलेलं पान विड्याला घेत नसे, कोर गेलेली सुपारी परत डब्यात टाकी. वाकडी वाढलेली नोट ती मांडूच शकली नसती. आणि माझ्या मोलाची वस्तू मांडल्यावाचूनही राहू शकली नसती. मग तिने दुसरी नोट खाली धरून माप घेतलं होतं, खडूची बारीक रेघ ओढली होती, आणि कापलं होतं. तेव्हाही श्वास रोखला असेल.

मी ओरडले नाही. आमच्या घरात कुणी ओरडत नसे. मी सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणाले, “तुला सगळंच आपल्या मापात कापायची सवय आहे. मलाही तसंच कापून खिडकीशी मांडणार आहेस.” तिला अर्धंच कळलं असेल, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. ती उठली, यंत्राखालच्या चिंध्यांच्या टोपलीत वाकून हाताने चाळत राहिली, आणि तो त्रिकोण शोधून तळहातावर धरून माझ्यापुढे केला. “ह्यो घे,” म्हणाली. मग आरती झाली. मी टाळी धरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते मात्र माझं एकटीचं. कालच्या भाताची खळ केली, वस्त्रगाळ केली, वेताच्या काडीने कडेला लावली आणि कान परत जोडला. कुंकू-हळद ब्रेडच्या मऊ गोळ्याने उचलून काढली. हे मी कुठेतरी वाचलं होतं. मग शब्दकोशावर आईच्या दोन्ही इस्त्र्या ठेवून ती तीन दिवस दाबली. धुवायची नाही, दाबायची नाही, चिकटवायची नाही. तीनातले दोन नियम मी एका सकाळी मोडले, आणि तिसराही जवळजवळ. जोड दिसत नव्हता. निदान आमच्या खिडकीत दिसत नव्हता. मनात आलं की अण्णांचे डोळे सत्तरीचे आहेत. हे लिहिताना अजून कानशिलं गरम होतात.

तुळशीचं लग्न झालं आणि पुण्याचा माणूस आला त्या दिवशी मी पेढीवर गेले. तो खाली गादीवर मामांबरोबर चहा घेत होता. त्याचा आवाज वर येत होता, ऊस आणि मुंबईची हवा असं काहीबाही. अण्णांनी हात धुतले, नोट खिडकीशी नेली. तिरपी धरली. कानाशी हलवली. मग नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. मला वाटलं ते आता मला प्रत सांगायला लावतील, आधी तू बोल म्हणतील. ते म्हणाले नाहीत. जिन्याकडे तोंड करून त्यांनी मामांना हाक मारून सांगितलं, की पाहुण्यांना म्हणावं आज दाखवण्यासारखं काही नाही, पुढच्या खेपेला बघू. मग दार ओढून घेतलं.

“भाताचा वास येतोय,” ते म्हणाले.

मी रडू लागले आणि रडत रडतच सगळं सांगितलं, पाट, खडू, कुंकू, इस्त्र्या. मी काय बोलले होते तेही. अण्णा ऐकत होते आणि भिंगातून जोडाकडे बघत होते, जणू गोष्ट माझ्या तोंडून नाही, तिथून येत होती.

“हिकडं बघ,” ते म्हणाले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “रागानं कापलेलं दातरतं. घाईनं कापलेलं सुरू एकीकडं हुतं, संपतं दुसरीकडं. ही रेघ बघ. एका दमात, हात न उचलता. लय मायेनं कापलंय गं.” भिंग परत घेत त्यांनी विचारलं, “आईला सांगितलं हुतंस, हे काय हाय ते?”

मी मान हलवली. नाही.

“मग तिनं काय करावं?”

त्यांनी नोट लोण्याच्या कागदात घालून माझ्या हातात दिली. “आता दहा रुपयं. चालव, न्हाईतर ठेव.” चिकटवल्याबद्दल, फसवायला निघाल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, मामांनाही त्यांनी कधी सांगितलं नाही. खाली पाहुणा निघाल्याचा, टांग्याच्या घोड्याला चाबूक लागल्याचा आवाज आला. उन्हं कलली होती. अण्णांची जेवायची वेळ झाली होती, तरी ते बसून राहिले, मी डोळे पुसेपर्यंत.

आईला सांगायचं, असं मी नाताळच्या सुट्टीत साताऱ्याला जाताना एस.टी.त ठरवलं. अगदी पहिलं वाक्यही ठरवलं. पण घरी पोचले तेव्हा तिनेच भाकरी थापता थापता पाठमोरं विचारलं, “त्या नोटंत काय हुतं गं, मालू?” आणि मी म्हणाले, काही नाही, चुकीची छापलेली होती, मला तशा आवडतात. कुठं हाय मग, असं तिने विचारल्यावर म्हणाले, खर्चली. ती खर्चली म्हटलं की तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं असावं. किंवा तिला क्षमा करण्यापेक्षा ते सोपं होतं. भाकरी तव्यावर पडली, तिने पाण्याचा हात फिरवला, आणि विषय संपला असं मी धरून चालले.

पुण्याला मी गेले नाही. बी.ए. होऊन परत आले, खिडकीशी कॉट आली, खडूच्या त्याच रेघेवर फळी ठोकली गेली. काही वर्षांनी तो अभ्यासक्रम मी टपालाने केला आणि साताऱ्यातच एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. दादा गेले, मामा-मामी गेले. अण्णाही गेले, त्यांच्या मुलांनी पेटीचं काय केलं मला माहीत नाही, पण भिंग त्यांनी माझ्या नावाने काढून ठेवलं होतं. मी आणि आई, आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत, मग पुढे माझ्या छोट्या फ्लॅटमध्ये, चाळीसच्या वर वर्षं राहिलो. वाईट गेली नाहीत. आमचं कधी भांडण झालं नाही. म्हातारपणी तिला एक खोड लागली होती, तिचा मला राग येई: मंडईत भाजीवाली सुटे परत देई तेव्हा आई चांगली नोट नाकारून फाटकी, डागाळलेली मागून घेई. भाजीवाल्या हसत. “आवं आज्जी, लोक चांगली मागत्यात, तुमी वंगाळ मागताय.” मी म्हणे, आई, ही कुणी घेणार नाही. ती म्हणे, असू दे. मला वाटे, डोळे गेले.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. तिची साडी, भांडी, कात्री, सगळं वाटून झालं. तिच्या ट्रंकेतला बटणांचा डबा मात्र मी उघडला नव्हता, कारण त्याचा आवाज मला नको होता. परवा उघडला. बटणांच्या तळाशी एक पिशवी होती, माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या परकराच्या निळ्या छिटाची. तोंडाला बंद, आणि आतल्या बाजूला साखळी टाक्याने ‘मा’. टाके सगळे एका वयाचे नव्हते. कुठे उसवल्यावर पुन्हा घातलेले, थरथरत्या हाताचे.

आत नोटा होत्या. प्रत्येक चार घड्यांची, कनवटीला खोचून आणलेली. एकीचा कोपरा उंदराने खाल्लेला. एकीवर कुणीतरी बॉलपेनने हिशेब मांडलेला. एक खिशात धुतली गेलेली, रंग उडालेली. एकीवर जिलबीच्या तेलाचा डाग, एकीला पाठीमागून चिकटपट्टी, एकीचा आकडा पाण्याने फरकटलेला. एक जराशी तिरपी कापलेली होती. ती मिळाली त्या दिवशी तिला फार आनंद झाला असणार. दोन तर चलनातूनच गेलेल्या. छापताना चुकलेली त्यांत एकही नव्हती. तिला चुकलेली म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं; सांगणारी एकच होती. मंडईत, दवाखान्यात, रिक्षात, इतकी वर्षं, तिला जी जी व्यंग असलेली वाटली ती ती तिने माझ्यासाठी ठेवली होती. मी म्हणाले होते ना, मला तशा आवडतात.

काल दुपारी, उन्हं असताना, मी हात कोपरापर्यंत धुतले आणि त्या नोटा खिडकीशी नेल्या. अण्णांच्या भिंगातून एकेक पाहिली, तिरपी धरली, कानाशी हलवली, आणि अण्णा आहेत असं समजून आधी मी बोलले. बाजार हिंडलेली. बाजार हिंडलेली. दमलेली. बाजार हिंडलेली. किंमत: दहाची दहा, वीसची वीस, चलनातून गेलेल्या दोघींची काही नाही. वास घेतला. हळदीचा नाही, साबणाचा नाही. तिच्या ट्रंकेतल्या कडुलिंबाच्या पानांचा होता. एका तरुण विक्रेत्याचा मध्यंतरी सांगलीहून फोन आला होता, ताई, घरातल्या जुन्या नोटा काढून टाकणार असाल तर सांगा, घड्या असल्या तर इस्त्री करून ठेवा. त्याला मी काही कळवलं नाही. शब्दकोशातून माझी नोट काढली, खळीने जोडलेल्या कानाची. इतक्या वर्षांत खळ पिवळी पडली आहे आणि आता जोड नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, सरळ, एका दमातला. ती मी बाकीच्या नोटांत ठेवली. मग प्रत्येक नोट आईने घातलेल्या घड्यांवरूनच, त्याच क्रमाने, पुन्हा मिटली, आणि पिशवीचा बंद ओढून घेतला.